कणगीच्या जागी वीस डबे

होळीला आठ दिवस होते. त्या सकाळी आईने ज्वारीचा पहिला डबा उघडला आणि आत हात घातला. हात मनगटापर्यंतही गेला नाही. वरची ज्वारी गोळा होऊन बसली होती, तिच्यावर पांढरट बुरशी होती आणि खालचे दाणे हाताला गरम लागत होते. दुपारपर्यंत सोळाही डबे उघडून झाले. त्यांपैकी सात बिघडले होते.

घरात त्या दिवशी प्रश्न केवळ ज्वारीचा नव्हता. आत्या आमच्याकडे राहणार की शेगावला जाणार, हे त्या डब्यांवर ठरायचं होतं.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. तिला धामणगाव बढ्याला दिली होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. पुढची काही वर्षं ती दिराच्या घरात राबली. दिवाळीनंतर दिराने तिला बैलगाडीने मलकापूर स्टेशनवर आणून सोडलं. तिथून रेल्वेने जलंब आणि जलंबहून शाखेच्या गाडीने आमचं खामगाव, असा प्रवास तिने एकटीने केला. तिच्याजवळ एक पत्र्याची पेटी आणि एक वळकटी होती. परत केव्हा जाणार, हे तिला कोणी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

आमचं घर दोन खोल्यांचं, भाड्याचं, मातीच्या सपाट छताचं. वडील जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढण्याच्या कारखान्यात, कामाला होते. कापसाच्या गाड्या आल्या की कापूस ओला आहे की कोरडा, हे हात घालून पाहणं हे त्यांचं काम. वजन वाढवायला कापसावर पाणी मारण्याची चाल होती. वडिलांचा हात कोपरापर्यंत आत जाई आणि गाडी आत घ्यायची की परत पाठवायची, ते ठरे. घरात आम्ही चौघं: आई, वडील, मी अकरा वर्षांची आणि तीन वर्षांचा भाऊ. पुढच्या खोलीत वडिलांचं अंथरूण आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची बैठक. आतल्या खोलीत चूल, मोरी, देव आणि भिंतीला लागून कणगी. तुराट्यांची विणलेली, आतून-बाहेरून शेणामातीने लिंपलेली, माझ्या डोक्याएवढी उंच. वर्षाची ज्वारी तीत राही. कणगीच्या एका बाजूला सरपण, दुसऱ्या बाजूला रिकाम्या पोत्यांची चवड.

आत्या चूल आणि कणगी यांच्या मधल्या जागेत निजे. पाय पसरले की कणगीला लागत. दहा-बारा दिवसांनी वडिलांनी विषय काढला. शेगावला नात्यातल्या एक बाई यात्रेकरूंसाठी खानावळ चालवत. त्यांना स्वयंपाकघरात बाई हवी होती. निजायलाही तिथेच मिळणार होतं. वडिलांच्या मनात वावगं काही नव्हतं. तिथे तिला पाय तरी पसरता येतील, असं ते म्हणाले.

आत्या मोरीपाशी भांडी घासत होती. तिचा हात थांबला नाही.

आई म्हणाली, "जागा आपल्या इथंबी हाये. तिच्यावर कणगी बसून राह्यली."

"मंग जवारी काय माह्या डोक्शावर ठेवतं?"

"डब्याईत ठेवीन."

वडिलांनी थोडा विचार केला. होळीपर्यंत पाहू, नाही जमलं तर शेगाव, असं ठरलं.

घासलेटचे चौकोनी डबे तेव्हा सगळीकडे असत. जिनिंगमधल्या कंदिलांसाठी आलेले रिकामे डबे गोदामामागे पडून होते. वडिलांनी विचारून त्यांतले अकरा आणले. उरलेले नऊ आईने किराणा दुकानदाराच्या घरून मिळवले. त्या घरात बाळंतपण होतं. आईने जुन्या लुगड्यांच्या दोन गोधड्या शिवून दिल्या आणि डबे घेतले. टीनकाम करणाऱ्या एका म्हाताऱ्याने डब्यांची वरची बाजू तीन अंगांनी कापून तिचं झाकण केलं.

घासलेटचा वास जाईपर्यंत आईने डब्यांत दाणा घातला नाही. आधी प्रत्येक डब्यात वाळलं गवत जाळलं. मग राखेने घासलं, चुन्याच्या निवळीने धुतलं आणि आठवडाभर डबे छतावर उन्हात पालथे घातले. रोज सकाळी ती आणि आत्या एकेका डब्यात तोंड घालून वास घेत. शेजारच्या काकू पायरीवर बसून हे पाहत.

"काऊन वं, घर हाये का घासलेटचं दुकान?" त्यांनी एकदा विचारलं.

"दुकानच हाये," आई म्हणाली. "तुमाले उधार नाही."

काकू हसल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडचा एक फुटका कंदील घेऊन आल्या. तुमच्या दुकानात खपतो का पाहा, म्हणाल्या. आईने तो ठेवून घेतला. त्याची काच गेली होती, पण तळाची टाकी शाबूत होती. पुढे ती तेलाचं भांडं म्हणून चुलीपाशी राहिली.

कणगीतली उरलेली जुनी ज्वारी पोत्यांत भरून पुढच्या खोलीत ठेवल्यावर आईने कणगी कोयत्याने उभी चिरली आणि उलगडली. लिंपण झाडून टाकलं. तुराट्यांचा तो पसरट पट्टा मोरीला आडोसा म्हणून उभा केला. त्याआधी मोरीला आडोसा नव्हता, लुगडं धरावं लागे. सरपण छतावर गेलं. पोत्यांची चवड उसवून दोघींनी त्यांचा एक मोठा पडदा शिवला. सुताची लाकडी रिळं वडिलांनी खिळ्यांनी भिंतीत ठोकली आणि त्या खुंट्यांवर सगळ्यांचे कपडे आले.

संक्रांतीच्या आठवड्यात गावाकडची नवी ज्वारी आली, दोन पोती. डबे भरायला दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी सात भरले. झाकणं बसेनात म्हणून काम थांबलं. म्हाताऱ्याने येऊन ती दुसऱ्या दिवशी ठोकून दिली, तोवर उरलेली ज्वारी आणि कडुनिंबाचा पाला छतावर पडून होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नऊ डबे भरले. तीन डब्यांत तुरीची डाळ घातली आणि विसाव्यात दिव्यांचं सामान. ज्वारीच्या प्रत्येक थरावर कडुनिंबाचा पाला आणि झाकणाच्या फटीवर शेणामातीचं लिंपण, असं आईने सगळं केलं. कणगीला ती दर वर्षी असंच करी.

वीस डबे एकावर एक रचले, चार रुंद आणि पाच उंच. कापसाच्या गाठीला बांधतात त्या लोखंडी पट्ट्या वडिलांनी मोडीतून आणल्या आणि रचलेले डबे त्यांनी आवळून बांधले. डब्यांची ती भिंत खोलीच्या मध्ये उभी राहिली. अलीकडे चूल, पलीकडे साडेसहा फूट मोकळी जमीन, बाजूला पोत्यांचा पडदा. आत्याने आपली पेटी पडद्याआड नेऊन ठेवली. त्या पेटीतला एक हातभर आरसा तिने काढला आणि रिळाच्या खुंटीला टांगला. तो तिने आल्यापासून काढला नव्हता.

जुनी ज्वारी संपेपर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन महिने, डबे उघडले नाहीत. उघडले ते होळीच्या आधी आठ दिवस.

वडील दुपारी जेवायला आले तेव्हा सात डब्यांतली ज्वारी अंगणात पडली होती. ती गुरांनाही घालण्यासारखी नव्हती. आईने झालं ते सांगितलं. वडील जेवले. हात धुताना म्हणाले की परवा बाजार आहे, बुरुडाकडून कणगी घेऊन येतो. कणगी कुठे ठेवायची, हे त्यांनी सांगितलं नाही. आतल्या खोलीत तिला एकच जागा होती.

त्या दुपारी आत्याने आरसा खुंटीवरून काढून पेटीत ठेवला. आईने ते पाहिलं.

"वैनी, हे माह्यापायी झालं," आत्या म्हणाली.

"तुमच्यापायी कायले होते बाई? लिंपलं मी, झाकलं मी."

"मी नसती आली तं कणगी कायले फोडली असती?"

आईने चांगल्या नऊ डब्यांपैकी दोन कमरेवर घेतले आणि जिन्याने छतावर निघाली. ही ज्वारी तरी उन्हात घालू, असं ती जाताना म्हणाली. आत्या मागोमाग गेली. संध्याकाळपर्यंत नऊही डबे छतावर गेले आणि तट्ट्यांवर ज्वारी पसरली गेली. दुसऱ्या दिवशीही ती तशीच उन्हात होती. दोघी आळीपाळीने पायाने ती फिरवत होत्या.

बाजाराच्या दिवशी सकाळी वडील पिशवी घेऊन निघाले. निघण्याआधी ते छतावर आले. मी तिथे पाखरं हाकत बसले होते. वडिलांनी धोतर आवरून घेतलं, उकिडवे बसले आणि रात्री गोळा करून ठेवलेल्या ज्वारीच्या राशीत हात घातला. कोपरापर्यंत. मग दुसऱ्या राशीत. मूठभर दाणे काढून त्यांनी चार दाताखाली फोडले. आई आणि आत्या बाजूला उभ्या होत्या.

हे डबे कोणत्या दिवशी भरले, असं त्यांनी विचारलं. आईने सांगितलं, दुसऱ्या दिवशीचे. आणि बिघडलेले सात? ते पहिल्या दिवशीचे. पहिल्या दिवशी पाला कुठला होता? झाडावरून तोडून आणलेला, हिरवा. दुसऱ्या दिवशीचा? तोच, पण छतावर पडून सुकलेला. ज्वारीनेही एक दिवस जास्त ऊन खाल्लं होतं.

वडिलांनी एक रिकामा डबा उचलून त्याच्या तळावर टिचकी मारली.

"कणगी श्वास घेते. हिरवा पाला घातला तरी तिच्यातली ओल भाईर निंगते. टीन श्वास घेत नाही."

आई म्हणाली, "मले ते समजलं नाही. मी दरसालचंच केलं."

"तुले काऊन समजन?" वडील म्हणाले. "रोज माह्या हातानं ओल्या कापसाच्या गाड्या वापस जातात. घरची जवारी डब्यात गेली, तं मी हात घालून पाह्यला नाही."

त्यांनी हात झटकला आणि खाली गेले. पिशवी घेऊन बाजाराला गेले.

आईने त्या सकाळी स्वयंपाक लवकर उरकला. आत्याने वळकटी बांधून पेटीवर ठेवली होती. दुपारी शेगावकडे जायला गाडी होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. शेजारच्या काकू निरोपाला म्हणून दशम्या घेऊन आल्या आणि पडद्याजवळ बसून राहिल्या. त्या दिवशी त्यांनी दुकानाची चेष्टा केली नाही.

वडील अकराच्या सुमारास आले. कणगी आणली नव्हती. पिशवीत भाजी होती आणि खांद्यावर सुताच्या जुन्या दोरांचं एक भेंडोळं. येताना ते जिनिंगवरून आले होते. अंगणात आमच्या जुन्या खाटेचा सांगाडा भिंतीला टेकून उभा असे. त्याचा काथ्या कधीच तुटला होता आणि आई त्यावर शेवया वाळत घाली. वडिलांनी तो आडवा केला, दोर भिजवून घेतले आणि विणायला बसले. अर्धी खाट विणून झाल्यावर त्यांनी आत्याला हाक मारली आणि दुसऱ्या टोकाने दोर ताणायला सांगितलं. ती येऊन बसली. दोघं बोलले ते दोराबद्दल: आवळ, सोड, अजून एक फेरा घे.

खाट साडेपाच फुटांची होती. ती डब्यांच्या भिंतीपलीकडे बसली आणि पायाशी पेटी ठेवण्यापुरती जागा उरली. काकू उठताना म्हणाल्या की दशम्या आता इथंच खाऊन टाका. त्या खाल्ल्या. दुपारची गाडी तिच्या वेळेला गेली.

तिसऱ्या उन्हानंतर नऊ डबे पुन्हा भरले. पाला सावलीत खुळखुळीत होईपर्यंत सुकवला होता. ओल्या लिंपणाऐवजी झाकणांच्या फटींत कोरडी राख आणि त्यावर चिंध्यांच्या पट्ट्या बसवल्या. डबे भरण्याआधी वडिलांनी प्रत्येकात हात घातला. पुढे दर वर्षी हे त्यांचं काम झालं. बिघडलेले सात डबे पुन्हा जाळून, घासून, धुऊन घेतले. गेलेल्या ज्वारीची तूट भरून काढायला आत्याने जिनिंगमधली फाटकी पोती मजुरीवर शिवायला घरी आणली. पावसाळ्यापर्यंत सातांपैकी चार डबे भरले होते. उरलेल्या तीन डब्यांत तिने सुई-दोरा, सुतळी आणि तुकडे ठेवले.

आरसा केव्हा पुन्हा खुंटीला लागला, ते मला आठवत नाही. त्या उन्हाळ्यात तो तिथे होता. मी त्यात पाहून वेणी घालत असे.

काही वर्षांनी खानेसुमारी आली. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि नोंदणीचे कागद नागपूरहून आले होते. शाळेतले एक मास्तर ते काम करत घरोघर फिरत होते. ते आमच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर बसले आणि घरात कायमची राहणारी माणसं किती, असं त्यांनी विचारलं. वडिलांनी पाच सांगितली. मास्तरांनी पाच नावं लिहून घेतली.