वाल्देतेचं कापलेलं हसू

वाल्देते ग्याकोवा शहरात पडदे शिवते. ओठांत टाचण्या धरून बोलायची तिला सवय, त्यामुळे तिचं भांडणही पुटपुटल्यासारखं वाटतं. त्या सकाळी मात्र ती टाचण्यांशिवाय माझ्या दुकानात शिरली. मागोमाग सासू, हायरिये.

वाल्देतेचा नवरा बेस्निक जर्मनीत फरश्या बसवतो. त्याच्याकडे जायला तिने अर्ज केला होता आणि लग्नाचा पुरावा म्हणून मी केलेलं लग्नाचं चित्रीकरण दिलं होतं. वकिलातीचं पत्र आलं: तीन तासांच्या चित्रीकरणात नवरी एकदाही नवऱ्याकडे बघत नाही, लग्न खरं आहे का याची शंका येते. दोघांनी मुलाखत द्यावी.

"काका, 'मान खाली, मान खाली' असं कोण ओरडत होतं?" वाल्देतेने विचारलं.

मीच. आमच्याकडे नवरी हसली तर म्हणतात, माहेर सोडायला टपलीच होती. वीस वर्षं नवऱ्या कॅमेऱ्यात टिपतोय. एकीच्याही डोळ्यांचा रंग मला माहीत नाही.

"पण तू हसली होतीस," मी म्हणालो. "मी ते कापलं."

"का?"

मी हायरियेकडे बघितलं.

"मी सांगितलं," ती म्हणाली. "गावाने बघितलं असतं. आता साहेब बघतोय. शोध."

कापलेलं मी फेकत नाही. तीन खोकी तबकड्या, एकीवरही नाव नाही. आम्ही एकेक लावत गेलो. लोकांचे नाच, लोकांची रडणी. दुपारी ती सापडली: अकरा सेकंद. अंगणात बेस्निक वाकून तिच्या कानाशी काही बोलतो, तिचे खांदे हलतात, आणि चेहरा एकदम वर येतो. डोळे हिरवे आहेत.

"सगळे दात दिसतायत," हायरिये म्हणाली. "बोलला तरी काय मेला?"

"ते नाही सांगणार, आई."

मुलाखत एकाच दिवशी, एकाच वेळी. ती इथे राजधानीत, प्रिश्तिनात, तो तिकडे जर्मनीत. मी गाडी घेऊन वकिलातीच्या फाटकाबाहेर थांबलो, हायरिये मागच्या सीटवर. वाल्देते धावतच आली.

"तोच तुकडा लावला. विचारलं, तो काय म्हणाला? त्यालाही हेच विचारणार म्हणे."

तिने फोन लावला. "काय सांगितलंस तू?"

बेस्निकचा पडेल आवाज गाडीभर ऐकू आला. "खरं तेच. 'दादाचे बूट ढापलेत, घट्ट होतात, पडलो तर सावर.'"

"मीही हेच सांगितलं!" म्हणत वाल्देतेने दोन्ही हातांनी माझी पाठ बडवली. व्हिसाचा शिक्का पुढे महिन्याभराने बसला, पण आम्हाला निकाल त्या गाडीतच कळला.

"थोरल्याचे बूट?" मागून हायरिये म्हणाली. "आणि त्याने हरवले म्हणून मी चार वर्षं त्या चांभाराला शिव्या देतेय."