खंडेनवमीला पुसलेली जाळी

खंडेनवमीला आमच्या प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा होते. पूजेला माझी ना नाही. राग वेगळ्याच गोष्टीचा आहे आणि तो अजून उतरलेला नाही.

मी पीएचडी करते, वीज साठवण्यावर. पोलादी पट्टीवर आधी कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचा थर द्यायचा. त्यावर डोळ्यांना न दिसणारे प्लॅस्टिकचे मणी ओळीनं बसवायचे, मण्यांमधल्या फटींत वीज वाहून नेणारं पॉलिमर वाढवायचं आणि मग मणी विरघळवून टाकायचे. उरते ती जाळी, अनारशाला पडते तशी. तिच्यातून भार वाहणारे कण झटकन आत-बाहेर करतात. पण चार्ज-डिस्चार्ज करत राहिलं की जाळी ढासळते. माझ्या सगळ्या पट्ट्या अशाच वाया गेल्या, एकच टिकली. तिच्या शाबूत जाळीचा सूक्ष्मदर्शकातला फोटो, एवढंच प्रबंधात उरलं होतं. दुसऱ्या संस्थेतल्या त्या सूक्ष्मदर्शकाची दसऱ्यानंतरची वेळ मी हातापाया पडून मिळवली होती.

खंडेनवमीच्या सकाळी मी स्वारगेटच्या कोंडीत अडकले होते, मांडीवर झेंडूची पिशवी घेऊन. 'येताना फुलं आणा' हा सरांचा हुकूम. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. माझ्या प्रत्येक शोधनिबंधावर त्यांचं नाव असतं, परिषदांमध्ये या जाळीवर भाषणंही तेच देतात.

पोचले तेव्हा सर कापसाचा बोळा हातात घेऊन उभे होते, अ‍ॅसिटोनचा वास सुटला होता. चौरंगावर माझी पट्टी. लख्ख घासलेली, वर हळदकुंकू.

"अहो, किती घाण ठेवता! हिरवी बुरशी चढली होती हिच्यावर. म्हटलं, तुम्हाला सवड नसते, आपणच पुसावी."

माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"सर, ते आपलं पॉलिमर होतं."

सरांनी बोळ्यावरच्या हिरव्या डागाकडे निरखून पाहिलं.

"असं दिसतं होय ते?"

मला रडायला आलं, ते रागानंच. मग सर म्हणाले, "पुन्हा करा. तुमचा हात बसलाय आता."

"करते की. या वेळी तुम्ही शेजारी उभे राहा, सर. म्हणजे पुढच्या खंडेनवमीला ओळखाल."

सर आरतीकडे वळले.

सूक्ष्मदर्शकाची वेळ दुसऱ्या कुणाला गेली. पट्टी मी नव्यानं करते आहे. सर अजून आलेले नाहीत.