भाजलेल्या तांदळाच्या तीन पुरचुंड्या

सकाळी मावशीचा फोन आला, "पिंट्या, रत्ना गेली रे..." आणि मला आधी वाटलं, कोणीतरी मावशीची नक्कल करून राहिलं. चूक माझीच. गोंदियाकडच्या लग्नांत माइकवर नकला करणं हा माझा धंदा, आणि फोनवर आवाज बदलून लोकांना फसवणं हा माझा आजार. मावशीच्याच आवाजात मी रत्नाताईला तीनदा फसवलं होतं. म्हणून हसून म्हटलं, "कोन बोलून राहिलं बे? आवाज नाही जमला." तिकडून फक्त रडणं ऐकू आलं. रडण्याची नक्कल कोणाला जमत नाही. मला तर नाहीच.

रत्नाताई माझी मावसबहीण, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, कामठ्याची. लग्नांचे फोटो काढायची. मी ज्या मांडवात बडबड करायचो त्याच मांडवात ती नवरदेवाच्या फुफाजींना, म्हणजे आत्याच्या नवऱ्याला, दटावायची, "फुफाजी, पोट आत घ्या, मागं नवरी आहे." आमच्याकडे भर उन्हाळ्यातल्या लग्नात पाऊस बिनबोलावता येतो, पण तिचा बंदोबस्त पक्का. कॅमेऱ्याला साडीची पारदर्शक पिशवी, समोर लेन्सपुरतं भोक, त्यावर सायकलच्या ट्यूबचा रबर. फ्लॅशच्या डोक्यावर धुतलेली दुधाची पिशवी. पाणीही अडते आणि नवरीचा चेहराही मऊ येते, म्हणायची. फ्लॅश ओला झाला तर चालू करून पाहायचा नाही, आधी सेल काढायचे. हे सगळं मी तिच्याच आवाजात तिला म्हणून दाखवायचो, हात कमरेवर ठेवून. एकदा म्हटलं, "ताई, तू स्वतः ओलीचिंब होऊन राहिली, त्याचं काय?" तर म्हणे, "माणूस भिजला त वाळते बे. कॅमेरा भिजला त मरते."

लग्न आटोपलं की कॅमेरा आणि फ्लॅश पुसून एका मोठ्या प्लास्टिकच्या थैलीत जायचे. आत भाजलेल्या तांदळाची एक पुरचुंडी, ओल प्यायला. एका रात्रीला एक. वरून ती गाठ मारायची, रोपांच्या जुड्या बांधतात तशी, एक टोक ओढलं की मोकळी. आणि घरी पोचलं की थैली सोडायचीच. बंद राहिली तर आतल्या आत घाम सुटतो, लेन्सला बुरशी धरते.

शेवटचं लग्न गोरेगावकडचं. तिला आधीच दोन दिवसांपासून ताप होता. जेवणाच्या पंगती सुरू होत्या आणि वादळ आलं, मांडवाचं कापड पतंगासारखं उडालं. मी माइकवर कावळ्याचा आवाज काढून वऱ्हाड्यांना हसवत होतो. ती अंगावरचा रेनकोट काढून कॅमेऱ्यावर धरून उभी, दात वाजत होते. नंतर तिनं थैली बांधली आणि माझ्या गळ्यात अडकवली. ती एसटीनं कामठ्याला जाणार, मी मोटारसायकलनं गोंदियाला, तिच्या आधी पोचणार. "गेल्या गेल्या सोड," म्हणाली. मी घरी आलो, थैली खिळ्याला अडकवली आणि झोपलो.

तिसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात भरती केलं. निमोनिया. संध्याकाळी तिचाच फोन, धाप लागलेली. "पिंट्या... थैली सोडली का?"

थैली माझ्या समोर खिळ्याला होती. आणि मी काय केलं? तिच्याच आवाजात म्हटलं, "सोडली ना बे! कायले डोकं खाऊन राहिली?"

ती हसली. हसता हसता खोकली, लय वेळ खोकली. मग म्हणाली, "मंग ठीक." दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीचा फोन.

त्यानंतर थैली मला सोडवेना. सोडली तर खोटं उघडं पडणार, आणि नाही सोडली तर रोज आत बुरशी वाढणार. दोन्ही मला माहीत होतं. मी खिळ्याकडे पाठ करून जेवायचो. लग्नांच्या सुपाऱ्या सोडल्या. कोणी म्हणे, "अरे, एखादी नक्कल कर, मन रमेल." तोंड उघडलं की तिचाच आवाज यायचा, "सोडली ना बे!" पाच आठवडे असे गेले. एका झटक्यात सुटणारी गाठ होती ती.

शेवटी मावशी आली. "थैलीला तिचा हात लागलेला आहे, पाहू दे," म्हणाली. मी सगळं सांगून टाकलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. रत्नाला ती गाठ मावशीनंच शिकवली होती. तिनं टोक ओढलं आणि थैली उघडली. कुबट वास आला. लेन्सच्या आत पांढरे धागे पसरलेले. फ्लॅशचे सेल वेगळे काढून रुमालात बांधलेले, तापातही विसरली नव्हती. आणि खाली पुरचुंड्या. एक नाही, तीन. ओलीनं काळ्या पडलेल्या.

"तीन काऊन टाकल्या हिनं?" मावशीनं विचारलं.

 रत्नाताईला मी माहीत होतो ना. गेल्या गेल्या सोडणार नाही, हे तिला बांधतानाच ठाऊक होतं. म्हणून माझ्या आळसाला तिनं तीन रात्री दिल्या होत्या. मी पाच आठवडे घेतले...

कार्डातले फोटो निघाले, ते नवरीच्या घरी पोचवले. लेन्सचे धागे तसेच आहेत. आता कॅमेरा उघड्यावर असतो, टेबलावर, कापडाखाली, बाजूला पुरचुंडी. रोज सकाळी मूठभर तांदूळ भाजतो आणि पुरचुंडी बदलतो. मावशीचा फोन येतो, कामठ्याहून. पावसाचं विचारते, जेवणाचं विचारते, आणि ठेवता ठेवता म्हणते, "थैलीत त नाही ना ठेवला बे?"

"नाही, मावशी," मी सांगतो. माझ्या आवाजात.