मनगटावरची तारीख

मामींच्या डाव्या मनगटावर रोज त्या त्या दिवसाची तारीख असायची. सकाळी पोस्टाच्या शिक्क्यातले आकडे बदलले, की पहिला ठसा मामी कागदावर मारत नसत, स्वतःच्या मनगटावर मारत. ठसा नीट उमटला की पोस्ट उघडलं. मी एकदा हसलो, तर म्हणाल्या, "खात्याचा कागद कशाला वाया घालायचा? कातडं आपलंच हाय." रस्त्यानं जाणाऱ्या बायका दारातूनच विचारायच्या, "मामी, आज किती तारीख?" मामी न बोलता हात वर करायच्या.

लोहारा तालुक्यातल्या एका लहानशा गावात, त्यांच्याच घराच्या पुढच्या खोलीत हे पोस्ट होतं. एक टेबल, वजनकाटा, लोखंडी पेटी आणि खात्यानं दिलेलं हातात मावणारं यंत्र. मी त्या भागाचा निरीक्षक. सकाळच्या बसनं नळदुर्गहून थैली यायची, ती मामीच उतरवून घ्यायच्या आणि दुपारी गावभर त्याच वाटायच्या. कागदोपत्री त्या शाखा पोस्टमास्तर, पण गावाच्या त्या मामी होत्या, आणि वयानं थोड्याच मोठ्या असूनही माझ्याही मामीच झाल्या.

खोलीच्या कोपऱ्यात बाजेवर त्यांचे यजमान बसलेले असत. त्यांना मामा म्हणायचं, हे ओघानंच आलं. नळदुर्गच्या हमरस्त्यावर एका धाब्यावर त्यांनी उभी हयात ट्रकवाल्यांसाठी डाळ फोडणीला टाकली. पुढं साखरेच्या आजारानं डोळे गेले. माणूस दारात येण्याआधी ते पावलांवरून ओळखायचे. माझे बूट वाजले की म्हणायचे, "आलं बगा खातं. साहेब, तुमच्या खात्याचं आन् माजं सारखंच. दोघांलाबी दिसत न्हाय. म्या निदान कबूल तरी करतो."

"गप बसा, साहेब हायेत ते," मामी दटावायच्या आणि तोंड फिरवून हसायच्या.

मामींचा एक हट्ट होता. टपाल दाराच्या फटीतून आत सारायचं नाही, शेजाऱ्याकडं ठेवायचं नाही. "माणसाच्या हातात पडलं पायजे," एवढंच त्यांचं म्हणणं. माणूस रानात असला तर बांधापर्यंत जायच्या. म्हाताऱ्यांचं निराधार योजनेचं अनुदान द्यायचं तर यंत्रावर अंगठा लागतो, आणि उभा जन्म खुरपं धरलेल्या बायकांचे अंगठे यंत्राला ओळखू येत नाहीत. मामी ओल्या फडक्यानं तो अंगठा पुसायच्या, आपल्या तळव्यात धरून ऊब द्यायच्या, मग हळूच यंत्रावर टेकवायच्या. "आजी, रागानं नका दाबू, सुनेचा गळा न्हाय त्यो." आजी हसायची, बोट सैल पडायचं आणि यंत्र एकदाचं ओळख द्यायचं.

अशात खात्याचा तोटा वाढला, आणि ज्या शाखांचं उत्पन्न कमी त्या शेजारच्या मोठ्या शाखेत मिळवायच्या, असं वरून आलं. आमच्या भागाची पाहणी माझ्याकडं होती. हिशेबाची रीत अशी, की गावातून जे टपाल बाहेर जातं ते उत्पन्न, गावात जे येतं तो खर्च. मामींच्या पोस्टात येणं पुष्कळ होतं: औषधं, अनुदानं, मुलांची पार्सलं. जाणं जवळजवळ नव्हतंच. शाखा गेली तर मामींची नोकरी जाणार नव्हती, पण ती जिथं जाणार होती तिथं पोचायला दोन वाहनं बदलावी लागत. दिवसभर मामांना एकटं टाकून त्या जाऊ शकत नव्हत्या. म्हणजे शाखा गेली की नोकरीही गेलीच.

मला ते बघवत नव्हतं. एका दुपारी चहा पिता पिता मी म्हणालो, "मामी, पाहणीचा हा महिना आहे. इथून काहीतरी जाऊ द्या. गावाला सांगा, पत्रं टाका म्हणावं. रजिस्टर करा."

"कुणाला टाकतील?"

"कुणालाही. आकडा हललेला दिसला पाहिजे. पुढचं मी बघतो."

'पुढचं मी बघतो' हे वाक्य मी म्हणालो होतो, हे इथं स्पष्ट लिहून ठेवतो. येणाऱ्या टपालावर किती म्हातारी माणसं अवलंबून आहेत, हेही अहवालात मांडायचं मी तेव्हा ठरवलं होतं.

गावानं मनावर घेतलं. पण बाहेरगावच्या नातेवाइकांशी सगळे फोनवरच बोलत, कुणाकडंच त्यांचा पत्ता नव्हता. मग गावानं गावालाच पत्रं टाकली. सासूनं एकाच घरातल्या सुनेला रजिस्टर केलं की भाकरी जरा पातळ थाप. एकानं शेजाऱ्याला कळवलं की तुझी शेळी माझी तूर खाते, हे तोंडानं सांगून झालं, आता लेखी घे. रशीदभाई शिंप्यानं समोरच्या किराणावाल्याला ईदच्या शीरखुर्म्याचं आमंत्रण धाडलं आणि गावभर फिरून बाकीच्यांनाही लिहायला लावलं. मामी ती पत्रं घेत, शिक्का मारत, थैलीत घालून नळदुर्गला पाठवत. दुसऱ्या दिवशी तीच थैलीतून परत येत आणि मामी ती ज्याच्या त्याच्या हातात देऊन सही घेत. मामा म्हणायचे, "पत्र बिचारं नळदुर्गचा किल्ला बघून माघारी येतंय. तेवढीच त्याची सहल."

मी हसलो होतो. गावातल्या गावात फिरणारी पत्रं वरच्या कचेरीत लगेच दिसतील, हे मला कळायला हवं होतं. कळलंही होतं बहुतेक, मी डोळेझाक केली.

मोठे साहेब स्वतः आले. मामींना उभं करून विचारलं, "बाई, हा खोटा धंदा आहे. खात्याची फसवणूक आहे. कुणाच्या सांगण्यावरून केलंत?"

मी साहेबांच्या शेजारीच उभा होतो. मामींनी माझ्याकडं बघितलं. नजरेत राग नव्हता, त्या फक्त थांबल्या होत्या. मी बोलेन म्हणून थांबल्या होत्या. मी वजनकाट्याकडं बघत राहिलो.

बाजेवरून मामा म्हणाले, "आवो पण, त्या दिशी चहा पिताना..."

"तुमी गप बसा," मामी म्हणाल्या. नेहमीसारखंच, पण या वेळी हसल्या नाहीत. "मलाच सुचलं, साहेब."

मामांनी तोंड माझ्या दिशेला वळवलं आणि साहेब जाईपर्यंत तसंच ठेवलं. ज्याला दिसत नाही असा माणूस आपल्याकडं बघतोय, हे सोसणं फार अवघड असतं.

माझी बढती जवळ आली होती, असं कारण मी बरीच वर्षं स्वतःला देत आलो. तेही खरं नाही. मी घाबरलो होतो, एवढंच. म्हाताऱ्या माणसांबद्दल जे लिहायचं ठरवलं होतं तेही मग लिहिलं नाही, उगाच मामींकडची आपली ओढ दिसेल म्हणून. शाखा गेली. मामींनी राजीनामा दिला. शिक्का, काटा, यंत्र ताब्यात घ्यायला मलाच पाठवलं. मामींनी शिक्का फडक्यानं पुसला, काजळ पुसावं तितक्या हलक्या हातानं, आणि टेबलावर ठेवला. त्या दिवशीही मनगटावर ताजी तारीख होती.

पुढं मी त्या गावाचा रस्ता टाळला. गेल्या उन्हाळ्यात अखेर गेलो. खोलीत आता ज्वारीची पोती होती. मामा थकले होते, पण बूट ओळखले. "आलं खातं," एवढंच म्हणाले, पुढची चेष्टा केली नाही. तेवढ्यात रस्त्यानं जाणाऱ्या एका बाईनं सवयीनं विचारलं, "मामी, तारीख किती गं?" मामींचा हात अर्धा वर गेला, रिकामं मनगट दिसलं, आणि त्यांनी तो पदराखाली घेतला. "भिंतीवरचं बगून सांगते," म्हणाल्या.

मी म्हणालो, "मामी, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं."

"व्हय," त्या म्हणाल्या. "पायजे होतं."

त्या 'जाऊ द्या' म्हणतील याची मी वाट बघत होतो. त्या म्हणाल्या, "मला सांगून काय उपेग? मला म्हाईतच हाय. रशीदभाईला सांगा. त्यांला वाटतं, त्यांनी गावाला लिहाया लावलं म्हणून पोस्ट गेलं, माजी अब्रू गेली. तवापासनं आमच्या दारावरनं जात न्हाईत. मागल्या गल्लीनं जात्यात. म्या लई सांगितलं, पर म्या सांगितलेलं त्यांला खोटं वाटतं."

मी उठलो. शिंप्याचं दुकान चार घरं सोडून होतं. रशीदभाई पोलक्याला काजं करत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं, की पत्रांची कल्पना माझी होती, पुढचं बघतो असं मीच म्हणालो होतो आणि वेळ आली तेव्हा मी गप्प बसलो. पोस्ट तुमच्यामुळं गेलं नाही, माझ्यामुळं गेलं.

सुई कापडातच राहिली. "म्हंजे आमच्या त्या पत्रांनी न्हाय गेलं?"

"नाही."

माझ्यावर ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. पोलकं बाजूला ठेवलं, टोपी नीट केली, चपला पायात सरकवल्या आणि मला तिथंच दुकानात सोडून पुढच्या रस्त्यानं मामींच्या घराकडं निघाले. मी त्यांच्या मागं गेलो नाही. जायचा मला हक्क नव्हता. दुकानाच्या फळीवर उभा होतो, तिथवर मामांचा आवाज आला.

"कोण, रशीद का? किती रं दिवसांनी पाऊल वाजलं तुजं!"