निघण्याआधी जाऊन येणं

जून महिन्यातल्या, म्हणजे इथल्या ऐन थंडीतल्या, एका रविवारी दुपारी, ख्राइस्टचर्चमधल्या एका कम्युनिटी रेडिओ केंद्रावर मराठी बातम्या वाचत असताना मला कपड्यांतच लघवी झाली. तिसरी बातमी चालू होती, पुलाच्या दुरुस्तीची. वाचन थांबलं नाही.

गाणं लागल्यावर मी बाटलीतलं पाणी खुर्चीवर ओतलं आणि सहनिवेदकाला सांगितलं की पाणी सांडलं. तो इथे विद्यार्थी म्हणून आलेला, आता इलेक्ट्रिशियन आहे.

"सांडू द्या हो ताई. हीटर इकडे वळवतो."

"हीटर नको," मी म्हणाले. जरा जास्तच पटकन म्हणाले.

पुढच्या रविवारी माझ्या जागी कापडी खुर्चीऐवजी प्लास्टिकची होती. कोणी बदलली, ते मी विचारलं नाही. त्या दिवशी तो माझ्याशी नेहमीपेक्षा नम्रपणे बोलत होता, एवढं लक्षात आलं.

कार्यक्रम तासाभराचा आणि थेट असतो. पुण्यातलं वर्तमानपत्र सोडून इकडे आल्यावर माझ्याकडे उरलेलं बातमीचं काम एवढंच. पुन्हा असं झालं तर ते सोडायचं, असं मी ठरवलं. नवऱ्याला सांगितलं. बाकी कोणाला नाही.

डॉक्टरांनी लघवी आणि साखर तपासली. दोन्ही ठीक निघालं. गोळी होती, पण तिने तोंड कोरडं पडतं. बातम्या वाचणाऱ्या बाईला ती निरुपयोगी. स्नायूंच्या व्यायामासाठी फिजिओथेरपिस्टकडे नाव घातलं. नंबर यायला काही महिने लागतील असं कळलं.

मधल्या काळात महाराष्ट्र मंडळातल्या एका बाईंनी रिकार्टन भागातल्या चिनी वैद्यबाईंचं नाव काढलं. "माझ्या गुडघ्याला गुण आला बघ."

"माझा गुडघा नाही दुखत."

"मग काय दुखतंय?"

"काही नाही. सहज म्हटलं."

तिथे जाताना मी गाडी भारतीय किराणा दुकानासमोर लावत असे आणि परतताना मेथी घेत असे. कोणी पाहिलंच, तर हातात मेथी होती.

वैद्यबाई साठीच्या असाव्यात. त्यांनी जीभ पाहिली, दोन्ही मनगटांची नाडी पाहिली आणि मूत्रपिंडाची ऊर्जा कमी आहे, आत थंडी आहे, असं सांगितलं. असलं वाक्य बातमीत आलं असतं तर मी कापलं असतं.

"याला पुरावा काय?"

"तुम्ही पोलीस आहात का?"

"पत्रकार होते."

"मग तेच," त्या म्हणाल्या आणि घोट्याच्या वर सुई टोचली.

काढ्यासाठी त्यांनी मुळ्या, साली आणि बियांच्या पुड्या दिल्या. मी त्यातल्या वनस्पतींची नावं लिहून मागितली आणि डॉक्टरांना दाखवली. ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढतो, माझा आधीच जास्त आहे, म्हणून ते वगळायला त्यांनी सांगितलं. वैद्यबाईंनी वाद न घालता ते काढून टाकलं. माझा संशय वाढला. इतक्या सहज काढता येत होतं, तर घातलं कशाला होतं?

काढ्याच्या वासाने नवरा स्वयंपाकघरात आला. "काय शिजतंय? जुन्या कपाटाची आमटी?"

दोन आठवड्यांत फरक पडला नाही. मी तसं वैद्यबाईंना सांगितलं. समाधानाने सांगितलं, असं म्हटलं तरी चालेल.

"कसं उकळता?"

"कुकरमध्ये. तीन शिट्ट्या."

त्यांना शिट्टी म्हणजे काय ते कळेना. मी तोंडाने काढून दाखवली. त्यांनी पेन खाली ठेवलं. पुड्या आधी भिजवायच्या, मग मंद आचेवर, झाकण अर्धवट ठेवून उकळायच्या, असं त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मी ते डाळीच्या हिशेबाने ऐकलं होतं. म्हणजे त्या पंधरवड्याचा निष्कर्ष बाद.

मग त्यांनी विचारलं, "इथे यायला निघताना बाथरूमला जाऊन आलात?"

"हो."

"लागली होती?"

"नाही."

"मग कशाला गेलात?"

सवय जुनी होती. आमच्या घरात कुठेही निघताना चपला घालण्याआधी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला जाई: जाऊन आलीस का? पुढे वार्ताहर झाल्यावर सभा, मोर्चे, तालुक्याची कचेरी, कुठेच बायकांसाठी धड सोय नसायची. आम्ही दिवसभर पाणी प्यायचो नाही आणि स्वच्छ दार दिसलं की लागलेली नसली तरी जाऊन घ्यायचो. ख्राइस्टचर्चमधली सार्वजनिक स्वच्छतागृहं मला पाठ आहेत. इथे त्यांची कमतरता नाही, तरी पाठ आहेत.

"मूत्राशय भरायच्या आधीच रिकामं करत राहिलं, की ते थोड्यावरच हाका मारायला लागतं," वैद्यबाई म्हणाल्या. घाई आली की धावायचं नाही. थांबायचं, खालचे स्नायू आवळायचे, लाट ओसरू द्यायची. पोट गरम ठेवायचं. पाणी तोडायचं नाही.

मी यावर विश्वास ठेवला नाही. एकाच सूत्राची माहिती होती.

सप्टेंबरमध्ये फिजिओथेरपिस्टचा नंबर लागला. तरुण मुलगी होती. वैद्यबाईंबद्दल मी तिला काही सांगितलं नव्हतं. तिनेही लागलेली नसताना जाऊ नका, असंच सांगितलं. ऊर्जेचा उल्लेख केला नाही. स्नायू आवळताना मी श्वास रोखते, हे तिने दाखवून दिलं. दोन सूत्रं, एकमेकांशी संबंध नसलेली. तेवढा भाग मी पक्का धरला.

काढा, सुया, व्यायाम आणि सवय यांपैकी कशाचा वाटा किती, हे मला आजही सांगता येणार नाही. काढा संपल्यावर मी पुन्हा घेतला नाही. वैद्यबाईंनी कारण विचारलं नाही.

नोव्हेंबरमधल्या एका रविवारी मी घरून बाथरूमला न जाता निघायचं ठरवलं.

"जाऊन आलीस?" नवऱ्याने किल्ली हातात घेत विचारलं.

"नाही."

"अगं, मग जाऊन ये ना. मी थांबतो."

"लागलेली नाही."

"लागायची वाट कशाला बघायची?"

"तू गाडी काढ."

रस्ताभर त्याने दोनदा पेट्रोल पंपाकडे बोट दाखवलं.

केंद्रावर पोचल्यावरही बाथरूमला गेले नाही. बातमीपत्राच्या मध्यावर घाई आली. मी पाय जमिनीला टेकवले, स्नायू आवळले आणि श्वास न रोखता वाचत राहिले. शब्द एकदाही अडला नाही. हवामानाचा अंदाज वाचताना घाई ओसरली. उरलेल्या वेळात ती आणखी एकदा आली आणि गेली.

तास संपला, माईक बंद झाला. मी उठून बाथरूममध्ये गेले आणि पाहिलं. कपडे कोरडे होते.