पदरवाल्या चाचांची घडी

पदरवाले चाचा साडी खांद्यावर घेत तेव्हा कुणी हसत नसे. पन्नाशी उलटलेला, दाढीला मेंदी लावलेला, पांढऱ्या सदऱ्यातला माणूस भर दुकानात गादीवर उभा राहतो, शालूचा पदर डाव्या खांद्यावरून सोडतो, निऱ्या बोटांत धरतो आणि जरासा वळतो, हे नुसतं सांगितलं तर हसू येईल. पण समोर बसलेल्या बायका माना वाकड्या करून चाचांकडे नाही, साडीकडे पाहत. त्यांना तिच्यात आपली लेक दिसायची. चाचांचं खरं नाव करीमभाई. ते फक्त पगाराच्या दिवशी कामाला यायचं.

अमरावतीच्या राजापेठेतल्या त्या साड्यांच्या दुकानात मी बिलाच्या काउंटरवर लागले, ती चांदूर बाजारहून कॉलेज संपवून आल्या आल्या. माझं तोंड तेव्हाही तिखटच होतं. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "चाचा, तुम्ही स्वतः साडी अंगावर घेता, लाज नाही वाटत?" ते साडी झटकत म्हणाले, "लाजून साडी इकत नाई, बेटा. आन बाया माया अंगाकडे पाहून नाई राहिल्या, तू काहून पाहून राहिली?" मग त्या दुकानात मी कितीतरी वर्षं काढली, पण चाचांना पुन्हा असला प्रश्न विचारला नाही.

घडी घालणं हे दुकानातलं सगळ्यात हलकं काम. दिवसभर उघडलेल्या साड्यांचा ढीग संध्याकाळी ज्याच्या वाट्याला येई, तो तोंड वाकडं करी. चाचा मात्र आपण उघडलेल्या साडीला दुसऱ्याचा हात लागू देत नसत. त्यांची घडीही सगळ्यांहून निराळी. बाकीचे पदर वर ठेवत, गिऱ्हाइकाला दिसावा म्हणून. चाचा शेवटची मोड घालताना पदराचं टोक आत दुमडून घेत. "पदराची जर वर राहिली का घासते, काळी पडते. पोरीनं सासरी जाऊन साडी उघडली आन पदर काळा निंघाला, तं शिव्या कोनाले? मलेच ना!" शेठ कुरकुरत, की पदर लपवला तर माल खपेल कसा. चाचा म्हणत, "पदर दाखवाले मी हावो ना, शेठ."

बस्ता म्हणजे काय ते आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. लग्न ठरलं की दोन्हीकडची मंडळी गाडी करून अमरावतीला येतात, दुकानातच जेवतात आणि नवरीच्या शालूपासून आत्याच्या नणंदेपर्यंत सगळ्यांची लुगडी एकदम घेऊन जातात. त्यातल्या निम्म्याहून जास्त साड्या देण्याघेण्याच्या. त्या कुणी नेसत नाही. आहेरात मिळाली की कपाटात, आणि पुढचं लग्न आलं की त्या कपाटातून दुसऱ्या कपाटात. "ह्या साड्या नेसाच्या नसते, बेटा, फिराच्या असते," असं चाचा म्हणत.

एकदा एक बाई आहेरात आलेली साडी बदलायला आमच्याकडे आली. चाचांनी ती हातात घेतली, अंगठ्यानं शेवटची मोड चाचपली आणि हसतच सुटले. "मावशी, ही मीच देल्ली होती! तुमाले नाई, दुसऱ्या कोनाले, लय दिवस झाले. आजलोक कोनी उघडलीच नाई!" बाईही पदर तोंडाला लावून हसली. ती गेल्यावर मात्र चाचांनी त्या घडीवरून हात फिरवला. साडी फळीवर ठेवत म्हणाले, "साडीच्या जलमाले आली आन कोनाच्या अंगालेच नाई लागली."

मग ती वाईट वर्षं आली. एका वर्षी पावसानं दडी मारली, पुढच्या वर्षी कपाशीवर बोंडअळी पडली. राजापेठेत काही शेती नाही, पण कुणाच्या वावरात काय पिकलं ते आमच्या गादीवर पहिल्यांदा कळायचं. भाड्याच्या गाड्या कमी झाल्या, माणसं एस.टी.नं बस्त्याला येऊ लागली. आहेर मात्र कमी होईना. लोक काय म्हणतील, या पिकाला कुठलीच अळी लागत नाही.

त्याच हंगामात हिवरखेडकडची एक आई मुलीला घेऊन आली. चाचांनी मोरपंखी शालू खांद्यावर घेतला आणि ती मुलगी पाहतच राहिली. आईनं आहेराच्या साड्यांची चळत दोनदा चाचपली, मनाशी काही हिशेब केला आणि शालू हातानं बाजूला सारला. "भाऊ, नवरीले हलकाच दाखवा. सासरकडची येखादी बाई सुटली, तं जलमभर आयकू यील." मुलगी लगेच म्हणाली, "हाव भाऊ, तो मले आवडलाच नवता." चाचांनी शालू उतरवला. त्या शालूची घडी त्यांना नीट जमेना, हे मी काउंटरवरून पाहिलं. संध्याकाळी त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. म्हणाले, "पोट्टी खोटं बोलली, बेटा. आन आपन तिच्या सासरच्या बायाईले कपाटात ठेवाले साड्या बांधून देल्ल्या."

चाचांच्या लेकीनं, शबानानं, त्यांना नवा मोबाइल घेऊन दिला होता. दुकानाला सुट्टी होती त्या दिवशी त्यांनी घरी तो पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला, चाचीच्या ट्रंकेतली एक साडी काढली, व्हिडिओ चालू केला आणि बोलायला लागले. गादीवर बोलत तसेच, हसत, हात हलवत. बस्त्यावाल्यांना दुकानात जे जेवण मिळतं ते फुकट नसतं, ते साडीच्या भावातच धरलेलं असतं. गाडीवाला ज्या दुकानासमोर गाडी उभी करतो, तिथं त्याचं कमिशन ठरलेलं असतं. पहिली साडी मुद्दाम साधी दाखवतात, म्हणजे दुसरी डोळ्यांत भरते. आणि शेवटी: "बाया हो, देन्याघेन्याच्या साड्या घेनं बंद करा. त्या पैशात नवरीले एक चांगली घ्या. कोनी नाव ठेवलं तं ठेवू द्या, साडी अंगाले लागली पाह्यजे." एवढं सांगून थांबले असते तर कदाचित निभावलं असतं. पण चाचांनी पुढे हात जोडून आमच्या दुकानाचं नाव घेतलं आणि सगळ्यांना आमंत्रण दिलं, "आमच्या गादीवर या. मी सोता दाखवतो."

आपण दुकानाची जाहिरात केली असंच त्यांना वाटत होतं, अगदी मनापासून. दुसऱ्या दिवशी ते पेढे घेऊन आले आणि इंटरनेटवर टाकलेला तो व्हिडिओ स्वतःच्या हातानं शेठना दाखवला. "पाहा शेठ, किती लोकाईनं दुकानाचं नाव आयकलं!" शेठनी पेढा हातात घेतला होता. तो त्यांनी तसाच गल्ल्यावर ठेवला.

दुपारपासून फोन सुरू झाले. आमच्या लाइनीतले सगळे दुकानदार, गाडीवाले, सुरतेचा माल पुरवणारे, सगळे शेठवर तुटून पडले. चाचा तर फक्त गादीवरचंच बोलले होते, पण गादीवरचं आणि चौकातलं यात फरक असतो. शेठ वाईट माणूस नव्हते. चाचीच्या ऑपरेशनला तेच हॉस्पिटलात बसून राहिले होते, हे मला माहीत आहे. तरी मला त्यांचा राग आला आणि अजूनही येतो. त्यांनी चाचांना आत बोलावलं, दार उघडंच होतं. "चाचा, खोटं बोलले असते ना, तर मी सांभाळून घेतलं असतं. सांगितलं असतं, म्हातारा आहे, बरळला. पण तुमी खरं बोलले. आता मी काय सांगू?" चाचांनी विचारलं, "तं मी उद्यापासून नको येऊ?" शेठनी वाजणारा फोन उचलला आणि पाठ फिरवली.

चाचा बाहेर आले आणि गादीवर बसले. त्या दिवशी त्यांनी उघडलेल्या साड्या तशाच पडल्या होत्या. एकेक घेऊन त्यांनी सगळ्यांच्या घड्या घातल्या, पदराचं टोक आत घेऊन, नेहमीसारख्या. कुणी मदतीला गेलं नाही, त्यांनी येऊ दिलं नसतं. मग चपला घातल्या आणि माझ्या काउंटरपाशी येऊन म्हणाले, "पेढे वाटून देजो, बेटा. राहून गेले."

अमरावतीत त्यांना पुन्हा काम मिळालं नाही. प्रत्येक दुकानात त्यांना बसवून घेत, चहा पाजत, "चाचा, व्हिडिओ मस्त होता, आमच्या घरी सगळ्यांनी पाहिला," असंही म्हणत. कामाचं विचारलं की चहाचा कप उचलून आत जात. चाचा म्हणायचे, "इतका चहा जिंदगीत नाई पेलो." शेवटी शबानानं आईबापांना अकोल्याला नेलं.

जावयाचं तिथं शिलाईचं छोटं दुकान होतं. मी एकदा अकोल्याला गेले होते तेव्हा भेटायला गेले. चाचा कोपऱ्यात बसून कुणाच्यातरी साडीला फॉल लावत होते. चष्मा नाकावर आला होता, दाढीची मेंदी उतरली होती. मला पाहून हसले. "जिंदगीभर पदर दाखवला, आता काठाखाली बसलो." मग शेठची तब्येत विचारली, गादीचे अभ्रे बदलले का ते विचारलं, नव्या मुलांना घडी जमते का ते विचारलं. मी निघाले तेव्हा सुई तशीच धरून म्हणाले, "बेटा, तू शिकेल हायेस, सांग मले. दुकानाचं काम सांगतलं थे चुकलं, का दुकानाचं नाव घेतलं थे चुकलं?" मी म्हटलं, "काहीच चुकलं नाही, चाचा." त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नाही. काहीतरी चुकल्याशिवाय माणसाला गादीवरून उठवत नाहीत, असंच ते मानत आले होते.

पुढच्या हिवाळ्यात शबानाचा फोन आला. चाचा झोपेतच गेले होते. मी काउंटरवर होते, समोर एक बस्ता चालू होता. मी बिलं करत राहिले आणि रडत राहिले, आणि गिऱ्हाइकांना वाटलं की माझे डोळे आले आहेत.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तेल्हाऱ्याकडे माझ्या सासरच्या नात्यातलं एक लग्न होतं. निघताना मला आहेर मिळाला. देण्याघेण्याचीच साडी, जांभळी, कडक, पिशवी नवी कोरी. घरी येऊन कपाटात ठेवायला घेतली आणि सवयीनं अंगठा मोडीवर फिरला. पदराचं टोक आत होतं. कुठल्या बस्त्यात चाचांनी ती बांधून दिली होती आणि किती घरं फिरून ती माझ्यापर्यंत आली, कोण जाणे. माझी जाऊ म्हणाली, "चांगली हाये, पुढच्या लग्नात देऊन टाका." मी तिच्याकडे असं पाहिलं, की ती पुन्हा बोलली नाही.

फॉल लावला, पिको केलं, आणि ती साडी नेसून अकोल्याला चाचीकडे गेले. कडक साडी, फुगलेली, बसमध्ये मला धड बसता येईना. चाचीनं दारातच मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. इतकी वर्षं साडीवाल्याच्या घरात राहिलेली बाई ती. म्हणाली, "ही तं देन्याघेन्याची हाये. तू नेसली काहून?"

मी म्हटलं, "चाचांच्या हातची घडी होती. मी मोडली."

चाची जवळ आली. माझा पदर हातात घेऊन तिनं उजेडात धरला. टोकाशी, जिथं तो इतकी वर्षं आत दुमडलेला होता, तिथं मोडीची रेघ अजून तशीच होती. पदराची जर बाकी नव्यासारखी होती, कुठं काळी पडलेली नव्हती. चाचीनं त्या रेघेवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि पदर न सोडता मला आत घेऊन गेली.