थर्माकोलची भिंत

आमच्या नव्या घराची पश्चिमेकडची भिंत कोंबड्यांनी खाल्ली. हसू नका. बारा कोंबड्या आणि एक कोंबडा, दोन दिवसांत गुडघ्याएवढा पट्टा साफ! आणि गावानं दोष कुणाला दिला? मला!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामतीच्या एमआयडीसीत एका दूध प्रकल्पाची कोल्डरूम मी सांभाळत होतो. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून रोज मोटारसायकलवर जाऊन-येऊन. घर बांधलं ते खरं तर आबांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी. त्यांचा अर्धा जन्म मेंढरांमागं उघड्यावर गेलेला. म्हातारपणी तरी त्यांना पक्की खोली असावी, एवढीच माझी हौस. खोली दिली ती नेमकी पश्चिमेची. मे महिन्यात भर दुपारी आबा आत गेले आणि दहा मिनिटांत घोंगडी काखेत मारून बाहेर आले.

"ही खोली हाय व्हय? हितं भाकरी टाक, तव्याबिगर फुगंल!"

आणि तडक जुन्या घरी! जाताना चार घरांशी थांबून हे वाक्य पुन्हा म्हणाले ते वेगळंच.

माझं डोकं भडकलं. बाहेर बेचाळीस डिग्री असताना जो माणूस आत दूध गार ठेवतो, त्याला स्वतःचा बाप गार ठेवता येऊ नये?

आमचे बबन मिस्त्री म्हणाले, "बाहेरनं आजून एक विटंची भिंत घ्या. मधी चार बोटं जागा सोडा. झालं काम."

"मिस्त्री, जग कुठं चाललंय!" मी म्हणालो. "भिंतीला बाहेरून थर्माकोल लावायचा. कोल्डरूमला असतो तसा. गरम डांबरानं चिकटवायचा, वर जाळी ठोकायची आणि प्लास्टर मारायचं."

"थर्माकोल म्हंजी... गणपतीच्या मखराचा?"

"तोच. जरा जाड."

मिस्त्रींनी माझ्या कपाळाला हात लावून बघायचं तेवढं बाकी ठेवलं.

सुमन, माझी बायको, हळूच म्हणाली, "आबांस्नी एकदा इचारायचं की."

"आबांना काय विचारायचं? आबा काय इंजिनिअर आहेत?"

(मीही नव्हतो. पण त्या वेळी हा मुद्दा कुणी काढला नाही.)

रविवारी डांबर तापवून मी स्वतः शीट चिकटवले. भिंत अशी पांढरीशुभ्र दिसायला लागली की येणारेजाणारे थांबून बघत. माझी छाती दोन इंच फुगली! आता फक्त जाळी आणि प्लास्टर. "उद्या सकाळी येतो," म्हणून मिस्त्री गेले, ते थेट मेव्हणीच्या लग्नाला. तिथून दुसऱ्या लग्नाला. लग्नसराईत गवंडी मागणारा मीच मूर्ख!

तिसऱ्या दिवशी कामावरून आलो, तर भिंतीपाशी टक्-टक्-टक् असा आवाज. शेजारच्या हिराबाईंच्या कोंबड्या रांगेनं उभ्या! पंगतीला बसल्यासारख्या! कोंबडीला थर्माकोल एवढा आवडतो हे मला कोल्डरूममध्ये कुणी सांगितलं नव्हतं. (कोल्डरूममध्ये कोंबड्या नसतात.) खालचा पट्टा गायब, अंगणभर पांढरे दाणे, आणि मागं उघडं पडलेलं काळंभोर डांबर.

मी तरातरा कुंपणाशी गेलो. "हिराबाई! तुमच्या कोंबड्यांनी माझी भिंत खाल्ली!"

"तुमच्या भितीनं माज्या कोंबड्या नासवल्या!" हिराबाई माझ्यापेक्षा दुप्पट आवाजात. "दोन दिस झालं, एक अंडं न्हाय! खायाच्या वस्तूची भित बांधत्यात का कुनी?"

"ती खायची वस्तू नाही!"

"मग खाल्ली कशी?"

आणि तेवढ्यात कोंबडा ओरडला. पश्चिमेच्या उन्हानं उघडं डांबर पातळ झालं होतं, आणि दाणे टिपता टिपता हिराबाईंचा कोंबडा एका बाजूनं भिंतीला चिकटला होता. एक पंख भिंतीला, दुसरा हवेत!

"आगाई गं! मारला माजा कोंबडा!"

मी धावलो. वाकून कोंबडा सोडवायला लागलो. वरच्या शीटांना आता खालून आधार राहिला नव्हता, डांबरही ढिलं झालेलं. सर्रकन आवाज झाला आणि सगळी भिंत माझ्या पाठीवर उतरली. लागलं नाही काही. थर्माकोल हलका असतो, एवढा एकच गुण त्यानं दाखवला. पण डांबराची बाजू खाली होती! मी, कोंबडा आणि तीन शीट असे एकजीव झालो. सुमननं गोडेतेल लावून आधी कोंबडा सुटा केला. आधी कोंबडा! विचारलं तर म्हणते, "तो वरडत व्हता."

मीही ओरडतच होतो.

आता उरली नुसती डांबर फासलेली काळी भिंत. काळ्या रंगाला ऊन किती लागतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. खोली पहिल्यापेक्षा दुप्पट तापली!

दुसऱ्या दिवशी आबा आले. चार बांबू रोवले, भिंतीला टेकून उसाच्या पाचटाचं रुंद छप्पर उतरवलं आणि त्याच्या सावलीत दोन शेळ्या बांधल्या. चार दिवसांनी आतून भिंतीवर तळवा ठेवला, बराच वेळ ठेवला आणि सुमनला म्हणाले, "सूनबाई, माजी घोंगडी आन." घोंगडी आणायला सुमनच्या आधी मीच पळालो.

पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या गावाहून एक पाहुणे नवं घर बांधायच्या आधी चौकशीला आले. "ते भिती गार करनारं कोन हायेत?"

मी सदऱ्याची कॉलर नीट करून पुढं झालो. "बोला, काय विचारायचंय?"

"तुमी बसा वो," ते म्हणाले. "आबांस्नी बोलवा. काय करायचं न्हाय, ते तुमच्याकडनं समद्या तालुक्याला कळलंय!"